दिवेलागणीनंतरचा विस्तव

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर शेवटाकडून वाचत आलो. शेवटच्या ओळीत "उलगडा झाला नाही" असं असणारच. ते आधी बघायचं, गालात हसायचं, पान उलटायचं. आमचं घर वाण्याचं. सोमवारी महादेवाला बेल वाहिला की आठवडाभर देवाधर्माला रजा. भुतंखेतं तर आमच्या दुकानाची पायरीसुद्धा कधी चढली नव्हती... त्यामुळं आज मीच इथं लिहायला बसलोय याचं ओळखीच्यांना हसू येईल. येऊ द्या. एक मात्र आधीच सांगतो — यातला न कळणारा भाग अगदी थोडा आहे. उरलेला सगळा मी केलेला आहे, आणि तो मला चांगला कळतो.

माजलगावात आमचं किराणा-भुसाराचं दुकान आणि गावाबाहेर, धरणाच्या कालव्यालगत मळा; राहतं घर मळ्यातच. कालव्याला पाणी आलं तसा सगळ्यांनी ऊस लावला आणि उसामागून रानडुकरं आली. दिवसा उसात दडायची, अंधार पडला की बाहेर. खातात थोडं, लोळवतात फार. वडिलांच्या नावावर पीक राखण्याच्या परवान्याची जुनी रायफल होती, तिला दुर्बीण बसवलेली. आम्ही बॅटरीचा झोत टाकून बसायचो, पण झोत पडला की डुक्कर उसात पसार. दोन हंगामांत एखादं पडलं असेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जो तो बाहेरच्या वस्तूंसाठी वेडा झालेला. माझा मामेभाऊ नंदू, सिरसाळ्याचा, माझ्याच वयाचा, आखातात तेलाच्या कारखान्यात फिटर होता. सुट्टीवर येताना त्यानं तिथं मोडीत काढलेलं एक यंत्र आणलं. थर्मल कॅमेरा. पाइप कुठं तापलाय, कुठं गळतोय ते बघायचं यंत्र. डोळ्याला लावलं की उजेड नाही, ऊब दिसते. गार ते काळं, गरम ते पांढरं. मिट्ट अंधारात बसलेली म्हैस दुधासारखी पांढरी दिसायची. आईला दाखवलं तर म्हणाली, "आगं बाई, चूल तर सूर्यावानी दिसती की यातून!"

"हे रायफलच्या दुर्बिणीपुढं बसलं तर?" नंदू म्हणाला.

बसवलं गफूरमामूनं. धान्याच्या मोंढ्यामागं त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ओळखीच्या लेथवरून त्यानं लोखंडी पट्टा करून आणला, स्क्रू आवळले आणि थर्मल दुर्बिणीपुढं पक्का बसला. म्हणजे पक्का बसलाय असं आम्हाला वाटलं.

पहिल्याच रात्री डुक्कर पडलं. नंदू जागच्या जागी नाचला. मीही नाचलो, खोटं कशाला सांगू.

बसायची जागा ठरलेली, विहिरीचं दगडी थारोळं, पूर्वी मोटेचं पाणी पडायचं ते. समोर हरभऱ्याचं रान, त्यापलीकडं बांध, बांधावर एक बोर आणि बोरीमागं उभा ऊस. डुकरं त्या बोरीजवळूनच हरभऱ्यात उतरायची. पुढच्या एका बैठकीला मी डुकरांची वाट बघत बोरीवर दुर्बीण धरून होतो, आणि तिथं बाई उभी होती.

पांढरी. नाकडोळे त्या यंत्रात कुणाचेच दिसत नसत, पण पदर, खांदे, उभं राहणं... बाईच. डोक्यावर काहीतरी होतं, आणि ते इतकं तापलेलं की काचेत नुसता गोळा चमकत होता. डावा हात त्या गोळ्याला धरलेला. उजवा हात आमच्याकडं पसरलेला, पंजा उघडा — आडरानात एसटीला हात करतात तसा.

"कोण हाय?" मी ओरडलो.

नंदूनं बॅटरी मारली. बोर, बांध, ऊस. बाई नाही. बॅटरी विझवून काचेतून पाहिलं, तर आहे. तसाच हात.

"बघू," म्हणून नंदूनं रायफल घेतली. बराच वेळ पाहून म्हणाला, "कुठंय बे?"

"बोरीजवळ."

"बोर दिसती. बोरं दिसतेत म्हण. बाई कुठंय?"

मी उठून तिथपर्यंत गेलो. बांध त्याच दिवशी पाट फुटून ओला झाला होता, चिखल होता. त्यात माझ्याच चपलांचे ठसे उमटले, दुसरे नव्हते. मातीवर हात ठेवून पाहिला. गार.

त्यानंतरच्या दोन बैठकांनाही ती दिसली. तिथंच, तशीच. चालत नव्हती, हलत नव्हती. नंदूला एकदाही दिसली नाही. तो आता मजा घ्यायला लागला होता. जेवताना माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, लक्ष ठिवा. मळ्यात एक बाई रोज येती ह्याच्यासाठी. हात करून बोलवती."

"मग जाऊ द्या की," ती म्हणाली. "घरात तरी कुठं असतेत."

सगळे हसले. मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन गफूरमामूकडं गेलो.

मामूनं काच फुंकली, पुसली. "टीव्हीचं कसं असतं शेठ," तो म्हणाला, "एकच चित्र लई वेळ ठिवलं का त्याचा डाग ऱ्हातो. टीव्ही बंद केला तरी दिसतो. ह्यानं तिकडं भट्ट्या बघितल्यात, माणसं बघितलीत. बसला आसंल एखादा डाग. टेन्शन घेऊ नका. डाग हाय म्हणून सोडून द्यायचं."

मला हलकं वाटलं. डाग. शब्द मिळाला की माणूस सुटतो.

पण एक गोष्ट मी मामूला सांगितली नाही. नंदूलाही नाही, आजपर्यंत कुणालाच नाही. डाग काचेवर असता तर रायफल फिरवली की तोही फिरायला हवा होता ना? विहिरीकडं धरली तर विहिरीवर, आभाळाकडं धरली तर आभाळात दिसायला हवा होता. मी फिरवून पाहिली होती. बाई काचेबरोबर फिरत नव्हती. ती बोरीजवळच राहायची. रायफल वळवली की चौकटीतून निघून जायची, परत आणली की तिथंच... हात पसरून.

एवढं माहीत असूनही मी "डाग" हा शब्द घरी घेऊन आलो.

नंदूची सुट्टी संपायला आली त्याच सुमारास आमच्या उसाला तोड आली. शिरूर कासार भागातली ऊसतोड्यांची टोळी दुपारी ट्रकमधून उतरली. घराच्या मागच्या पडीत त्यांनी कोप्या, म्हणजे पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, घालायला घेतल्या. एक पोरगी वाटेतच बाळंत झाली होती, असं आई सांगत होती. टोळी मळ्यात उतरलेली असताना बंदूक घेऊन बसायचं नसतं, हे लहान पोरालाही कळतं. मी तसं बोललोही.

"कोप्या घरामागं हायेत. आपून पुढं बसणार," नंदू म्हणाला. "माझी शेवटची रात्र हाय बे. का घाबरलास तुझ्या डागाला?"

जेवणं उरकून आम्ही थारोळ्यावर गेलो. थोड्याच वेळात काचेत बोरीजवळ ती दिसली. डोक्यावर गोळा, डावा हात गोळ्याला.

"आला डाग," मी म्हणालो.

"मग घाल की गोळी डागाला! एकदाचा निकाल लाव. न्हाई तर मी आखातात जाऊन सांगीन, आमचा भाऊ चित्राला भितो." नंदू हसत होता. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात.

आता जे लिहितो ते लिहायला मला वीसेक वर्षं लागली.

ती चालत होती. इतक्या बैठकांत कधी पाऊल न उचललेली ती त्या रात्री बांधावरून चालत होती. आणि उजवा हात पसरलेला नव्हता. मी हे दोन्ही पाहिलं. "लक्षात आलं नाही" असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण आलं होतं. बोट चापावर होतं, कानाशी हसणं होतं, आणि हाक मारली तर नंदू अजून हसेल एवढाच विचार डोक्यात होता. ती पहिल्यांदा दिसली त्या रात्री "कोण हाय" म्हणायला मला काही कष्ट पडले नव्हते. त्या रात्री ते दोन शब्द मी गिळले.

छातीवर नेम धरून मी गोळी झाडली.

डाग फुटला. काचेत पांढऱ्या ठिणग्यांचा सडा पडला, आणि मग काचेबाहेर, माझ्या उघड्या डोळ्यांना, बांधावर लाल ठिणग्या दिसल्या. आणि किंकाळी ऐकू आली.

आम्ही पोचलो तेव्हा ती बांधावर गडाबडा लोळत होती. केस पेटलेले, खांद्यावर, मानेवर निखारे. अंगावरचं घोंगडं टाकून मी ते विझवले. आजूबाजूला मडक्याच्या खापऱ्या पडल्या होत्या. उसाच्या पाचटानं पेट घेतला होता, टोळीतली माणसं धावत आली, घागरी आल्या, आरडाओरडा. तिच्या अंगात गोळी नव्हती. गोळी मडक्याला लागली होती. मामूकडून परत आणताना जीपमधल्या धक्क्यांनी त्याचा पट्टा ढिला झाला होता आणि रायफल वर मारत होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या नेमाप्रमाणं ती बाई जागच्या जागी गेली असती. एका ढिल्या स्क्रूनं तिला वाचवलं. त्यात माझा काही हात नाही.

बंदुकीचा आवाज टोळीनं ऐकला होता, पण डुकरं हाकलायला सगळीकडं सुतळी बॉम्ब वाजायचे. कुणी विचारलं नाही.

माझ्याच जीपमधून तिला माजलगावच्या दवाखान्यात नेलं. रायफल मागच्या सीटखाली होती, पोत्यात गुंडाळलेली, तिच्या पायांना लागत असेल. वाटेत ती विव्हळत बोलत होती. कौसाबाई तिचं नाव. वाटेत बाळंत झालेली पोरगी तिची सून. शेगडीला निखारे पाहिजे होते. पाचट भडकतं, पण त्याचा निखारा राहत नाही, आणि थंडी अशी की कोपीत बाळ निळं पडत होतं. म्हणून ती कालव्यापलीकडच्या राखणदाराच्या शेकोटीतून बाभळीचे निखारे मडक्यात घेऊन जवळच्या वाटेनं, बांधावरून येत होती.

"दिवे लागल्यावर इस्तू आणला म्या," ती म्हणत होती. "आणू नये म्हणतेत. लक्ष्मी कोपली, मालक. मडकं डोक्यावर आपोआप फुटलं."

मी गाडी चालवत होतो. मागं वळून मी एवढंच म्हणायला हवं होतं — आपोआप नाही फुटलं. तेवढंच. मी गिअर बदलला.

नंदू पुढं माझ्याशेजारी बसला होता. तो रस्त्याकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "बरं झालं बाई, त्यो इस्तू आपल्या घरचा न्हवता. आधी आपल्याच मागल्या दारी आलती ती. म्या म्हणलं, दिवे लागलेत, आता इस्तू देत नसतेत. दिला असता तर आपलंच नाव झालं असतं." आईचा जीव वाईट नव्हता. बाळंतिणीला तिनं सकाळी तूप-डिंक पाठवला. आमच्या चुलीत तेव्हा निखारे रसरसत असणार. आमच्या मागल्या दारापासून कोप्या हाकेच्या अंतरावर होत्या. तिथून तिनं बांधावर यायचं कारणच पडलं नसतं.

बाळ जगलं. कौसाबाईही जगली, पण डावा हात आखडला आणि मान एका बाजूला ओढली गेली. दवाखान्यात भेटायला गेलो की ती टोळीतल्यांना सांगायची, "ह्यो देवमाणूस. सोताच्या गाडीत घालून आणलं ह्यानं." मी मान खाली घालून बसायचो. लोकांना ते नम्रपण वाटायचं.

नंदू जायच्या आधी एकदा मी एकटा थारोळ्यावर जाऊन काचेतून पाहिलं. बोर, बांध, जळालेलं पाचट. बाकी काही नाही. नंदू यंत्र घेऊन गेला, मुंबईत कुणाला तरी दिलं म्हणाला. रायफल वडिलांनंतर मी पोलिसात जमा केली. त्या रात्रीबद्दल आम्ही दोघं परत कधी बोललो नाही. तो दोन वर्षांमागं आखातातच वारला. मग ते माहीत असलेला मी एकटाच उरलो, आणि मला ते एकट्याला उचलवेना.

गेल्या वैशाखात, टोळ्या गावी परतल्यावर, मी शिरूर कासारला गेलो. तिथून विचारत विचारत त्यांच्या वस्तीवर. कौसाबाई ओसरीत शेंगा फोडत बसली होती, एका हातानं. मला ओळखलं. "आवं, मालक!" म्हणून उठायला लागली. सुनेनं, मंगलनं, चहा ठेवला. चहा होईपर्यंत माझ्या एक लक्षात आलं. म्हातारीला पाणी पाहिजे होतं, माठ चुलीशेजारी होता, पण ती उठली नाही. तिनं हाक मारली आणि मंगलनं पाणी आणून दिलं.

"घ्या की हातानं," मी सहज म्हणालो.

"चुलीकडं न्हाई जात मी," ती म्हणाली. "तवापासून. माझ्या हाताला इस्तू मानवत न्हाई म्हणतेत. घरात लेकरंबाळं हायेत." तक्रार नव्हती त्यात. ऊन लई हाय, असं सांगावं तसं ती बोलली.

मी सांगितलं. चहा हातात धरून सगळं सांगितलं. काच, डाग, नंदूचं हसणं, छातीवरचा नेम. मंगल चुलीपासून उठून दारात आली.

"म्हंजे मडकं आपोआप न्हाई फुटलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"लक्ष्मी न्हाई कोपली?"

"नाही. मी फोडलं."

"आन् इतकी वर्षं तुमी..." ती आत गेली, काड्यापेटी घेऊन आली आणि सासूच्या पुढ्यात शेंगांच्या सुपात ठेवली. "आत्या, दिवे लागायला आलेत. आज चूल तुमी पेटवा."

कौसाबाईनं काड्यापेटीकडं पाहिलं. उचलली नाही. आखडलेल्या हातात पेटी धरून ती काडी ओढणार कशी, हे त्या क्षणी आम्हा तिघांच्याही लक्षात आलं असावं. मंगल मटकन खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली.

मी म्हणालो, पोलिसात चला म्हणाल तर येतो, गावात सगळ्यांपुढं सांगा म्हणाल तर सांगतो.

"सांगा," कौसाबाई म्हणाली. "पारावर बसत्यात समदे सांजच्याला. त्यांना सांगा. पोलिसाचं ऱ्हाऊ द्या." मग म्हणाली, "ती आधी दिसायची ती बाई... कशी उभी ऱ्हायची म्हणला?"

मी उभा राहून दाखवलं. डावा हात डोक्यावर, उजवा पसरलेला, पंजा उघडा.

ती माझ्या उजव्या हाताकडं बघत राहिली. "मी न्हवं ती," म्हणाली. "आमी तर त्याच दिसी आलतो. आन् माझ्या उजव्या हातात काठी व्हती, कुत्र्यांसाठी. म्या कुणाला हात केला न्हाई." सुपातल्या शेंगा तिनं थोडा वेळ चाळवल्या. "कोण व्हती मग?"

"मला माहीत नाही, कौसाबाई."

"माझ्यासाठी आलती बिचारी. इतक्या रात्री उभी ऱ्हायली थंडीत, डोईवर इस्तू घेऊन." आणि मग माझ्याकडं पाहून, न रागावता, म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या, मालक. तिचं तरी ऐकायचं व्हतं."

मी पारावर गेलो, सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतं ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मग ती काचेतली बाई कोण? तिथंही उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. डाग नव्हता, एवढंच खात्रीनं सांगतो — आणि ते मला गोळी झाडायच्या आधीपासून माहीत होतं.